उचकी ज्या नावाशी थांबली

आपल्या भाषेत भूक लागते, तहान लागते, झोप लागते, वेड लागते आणि उचकीही लागते. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, या 'लागण्या'वर फार प्रेम होते. ते शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवीत, आणि घरी आल्यावर कोट खुंटीला टांगला तरी शिकवणे टांगून ठेवणे त्यांना जमत नसे. पानावर बसून आमटीचा पहिला भुरका घेतला की ते म्हणत, "'मी भूक करतो' असं कुणी म्हणतं का? भूक मला लागते. लागणारी ती, आणि जिला येऊन ती लागते ती भिंत मी. म्हणजे मी वेगळा, भूक वेगळी. वेदान्त शिकायला काशी नको. चतुर्थी विभक्ती नीट शिकली तरी पुरे."

"आणि जेवल्यावर ती जाते कुठे?" आई विचारी.

"कोण?"

"तुमची भूक."

"आली तिथेच."

"मग अजून एक मूद घ्या, म्हणजे जरा लांब जाईल."

अण्णा हसत आणि मूद घेत. त्यांचे सारे तत्त्वज्ञान त्या एका 'मला'मध्ये होते. ताप मला येतो, म्हणजे मी ताप नव्हे. पाय माझा दुखतो, म्हणजे मी पाय नव्हे. मन माझे रमत नाही, म्हणजे मी मनही नव्हे. अशी एकेक साल काढीत गेले की आत जो उरतो तो, असे सांगताना 'जो' या अक्षराशी त्यांचा आवाज खाली येई, देवघरात शिरताना यावा तसा. मला ते अक्षर ऐकायला आवडे. त्यामागे काय आहे हे मला कळत नव्हते, पण तिथे काहीतरी आहे आणि अण्णांनी ते पाहिले आहे याची मला खात्री होती.

आम्ही मुलुंडला, रूळांच्या पूर्वेला राहत होतो. घराच्या मागे थोडी पडीक जमीन, तिच्यापलीकडे मिठागरे. उन्हाळ्यात तिकडे पाहिले की डोळे दिपत. पांढऱ्या ढिगांच्या रांगा, त्यांच्या मधून साचलेल्या पाण्याचे चौकोन, आणि त्या पाण्यात आभाळ तुकड्या-तुकड्यांनी पडलेले. खाडीवरून वारा सुटला की ओठांवर खारट चव येई. घराच्या भिंतींना लोणा येई. हात फिरवला तर पांढरी भुकटी बोटांना लागे आणि चुन्याचा पापुद्रा सुटून खाली पडे. आई दर दिवाळीला भिंती सारवून-रंगवून घेई आणि होळीपर्यंत लोणा पुन्हा आपली नक्षी काढून मोकळा होई.

मी तेव्हा बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते. कॉलेजात आमचे प्राध्यापक मन आणि शरीर यांचा सांधा कुठे आहे यावर आठवडेच्या आठवडे बोलत. कुणा तत्त्वज्ञाच्या मते तो मेंदूतल्या एका ग्रंथीत होता. कुणाच्या मते सांधा नव्हताच. दोन घड्याळे एकाच वेळेला लावून द्यावीत तशी ती दोघे आपापली चालत होती. मी हे सारे घरी येऊन अण्णांना सांगे. अण्णा म्हणत, "घड्याळं दोन असोत की एक, ती पाहतंय कोण ते विचार तुझ्या सरांना." मी विचारीत नसे. मला वाटे, या प्रश्नाचे उत्तर आमच्याच घरात, आरामखुर्चीवर बसलेले आहे.

माझा मोठा भाऊ, दादा, मात्र रसायनशास्त्र शिकला होता, आणि त्याला ते उत्तर मान्य नव्हते. मी अजून शाळेत असताना, आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी पाने वाढून झाल्यावर, तो सोवळे नेसून बसला आणि उदकासाठी पुढे केलेली पळी त्याने हातात घेतली नाही.

"अण्णा, एक विचारू? भूक लागायला मेंदू लागतो. हे पान आपलं आहे हे ओळखायला मेंदू लागतो. आजोबांचा मेंदू तर जळला. मग हा भात पोचतो कुणाला?"

तो उर्मटपणे बोलला नव्हता. खरे तर त्याचा आवाज कापत होता. गुरुजी पळी-पंचपात्राकडे पाहत राहिले. अण्णांनी विचारले, "हे तुझं प्रामाणिक मत आहे?"

"हो."

"मग ते शेवटपर्यंत प्रामाणिक ठेव. माझ्यानंतर माझ्या चितेला अग्नी देऊ नकोस. ज्याच्या लेखी तिथे नुसतं शरीर जळणार, त्याच्या हातचा अग्नी मला नको."

वर्गात एखादा नियम सांगावा इतक्या शांतपणे ते बोलले. त्या शांतपणामुळेच ते वाक्य परत घेता येण्यासारखे राहिले नाही. रागाने बोलले असते तर राग उतरला असता. दादा त्याच महिन्यात चेंबूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला. मुलुंडहून चेंबूर ते किती लांब. कुर्ल्याला गाडी बदलली की झाले. पण तो आला नाही, अण्णांनी बोलावले नाही, आणि घरात त्याचे नाव घेणे हळूहळू बंद झाले. कुणी मनाई केली नव्हती. ते नाव तोंडापर्यंत आले की आई पाण्याचा घोट घ्यावा तसे गिळून टाकी.

मी शेवटच्या वर्षाला असताना अण्णांच्या पायांवर सूज आली. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखालीही येऊ लागली. डॉक्टरांनी मीठ बंद केले. मागच्या दाराशी मिठाचे डोंगर आणि पानात अळणी भात, यावर अण्णांनी एक विनोदही केला होता, तो आता मला आठवत नाही. तो सांगताना त्यांना लागलेली धाप आठवते.

उचकी लागली ती एका संध्याकाळी. मी लहान असल्यापासून ते मला वृत्ते शिकवीत. त्या संध्याकाळीही ओसरीवर बसून, स्टुलावर बोटाने ठेका धरून ते एक श्लोक म्हणत होते. वृत्ताला यती असतो, म्हणजे ओळीत ठरलेल्या जागी घ्यायचा थांबा. अण्णांचा यती इतका नेमका असे की त्या थांब्यात पुढच्या अक्षराचा सुवास यावा. त्या दिवशी थांबा भलत्याच जागी आला. शब्दाच्या पोटातच काहीतरी उसळले, शब्द मधोमध तुटला आणि त्याचे दोन्ही तुकडे निरर्थक झाले. अण्णांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तुटला.

आई आतून हसत बाहेर आली. "कुणीतरी आठवण काढतंय तुमची."

"माझी आठवण काढून काय मिळणार कुणाला?"

"बघू या की." आणि आपल्याकडे करतात तसे ती एकेक नाव घेऊ लागली. ज्याच्या नावाशी उचकी थांबेल, तो आठवण काढणारा. ठाण्याचे काका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ; उचकी. माझी मावशी; उचकी. शाळेचे मुख्याध्यापक; उचकी.

"ते कशाला काढतील," आई म्हणाली, "तुमच्या रजेनं सुटलेत ते."

मग तिने ओसरीच्या खांबाला हात टेकला, मिठागरांच्या दिशेने पाहिले आणि दादाचे नाव घेतले.

उचकी थांबली.

आम्ही तिघेही पुढच्या उचकीची वाट पाहत राहिलो. ती आली नाही. वारा पडला होता. कुणाच्या तरी घरी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अण्णांनी स्टुलावरचे बोट उचलले आणि म्हणाले, "काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ." पण ते श्लोकाकडे परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उचकी पुन्हा लागली. आईने मोराचे पीस जाळून त्याची राख मधातून चाटवली. साळीच्या लाह्यांचे पाणी दिले. अण्णांना दचकवण्यासाठी ती एकदम म्हणाली, "कपाटातला खडीसाखरेचा डबा तुम्हीच रिकामा केलात ना?" अण्णा म्हणाले, "हो," आणि उचकी चालूच राहिली. शेवटी अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "नावं घे."

तेव्हापासून तो घरचा नेमच झाला. उचकी लागे, अण्णा म्हणत "नावं घे", आणि आई सुरुवात करी. ती घाई करीत नसे. काका, मावशी, शेजारी, जुने विद्यार्थी. दादाचे नाव ती शेवटी ठेवी, ताटात गोड शेवटी ठेवावे तसे. कधी त्या नावाशी उचकी थांबे, कधी थांबत नसे; थांबली नाही तर आई म्हणे, "आत्ता कामात असेल तो, म्हणून सुटली आठवण." वर्षानुवर्षे त्या घरात गिळलेले नाव आता रोज उच्चारले जात होते, आणि अण्णा ते ऐकण्यासाठी मान किंचित कलती करून बसत, हे मी पाहत होते.

मराठीत आठवण येतेही आणि आठवण काढताही येते. येते ती आपली आपण. काढावी लागते ती विहिरीतून पाणी काढावे तशी, दोराला जोर लावून. आईचा असा ठाम समज होता की चेंबूरला कुणीतरी दोर ओढतो आहे आणि मुलुंडला अण्णांच्या छातीत त्याचा हिसका बसतो आहे. कॉलेजातल्या साऱ्या तत्त्वज्ञांना जो सांधा सापडत नव्हता, तो तिला स्वयंपाकघरात बसल्या जागी सापडला होता. तिच्या लेखी एका माणसाचे मन दुसऱ्याच्या शरीराला लागत होते. आणि मला, बी.ए.च्या वर्गातल्या मुलीला, ते खरे असावे असे मनापासून वाटत होते.

रक्त तपासून आल्यावर डॉक्टरांनी मला फाटकाशी थांबवले. ते सायकल हातात धरून उभे होते.

"उचकीचं काय म्हणतेस?"

मी सांगितले, की आई नावे घेते.

ते हसले नाहीत. "मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांची. जे बाहेर पडायला हवं ते रक्तात साठतंय. उचकी त्याची आहे. ओकारी येईल, खाज सुटेल, झोप उलटीपालटी होईल. यावर माझ्याकडे काही नाही, शहरातल्या मोठ्या इस्पितळातही काही नाही." थोडे थांबून म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव. शरीर संपायच्या आधी ते जातील. म्हणजे त्यांचं डोकं. संशय घेतील, वाट्टेल ते बोलतील, माणसं ओळखणार नाहीत. ज्याला भेटवायचं असेल त्याला आत्ता भेटवा, ते ते आहेत तोवर."

सायकलची घंटी वाजवत ते गेले. 'ते ते आहेत तोवर' हे शब्द मात्र फाटकापाशीच राहिले. मी आत येऊन आईला एवढेच सांगितले, की दादाला बोलवायला हवे. आई म्हणाली, "मी हे विचारलं त्यांना. म्हणाले, आठवण काढणारा स्वतःहून येईल. बोलावून आलेल्याचं काय कौतुक?" तिच्या चेहऱ्यावर उजेड होता. आता फक्त दादाच्या पावलांचा आवाज यायचा राहिला आहे, असा.

आम्ही वाट पाहिली. दादा आला नाही, आणि अण्णा जाऊ लागले.

पहिली खूण इतकी बारीक होती की माझ्याखेरीज ती कुणाला कळली नसती. तिन्हीसांजेला आई दिवा लावून आली, वाऱ्याने तो गेला, आणि अण्णा म्हणाले, "दिवा विझली."

मी वळून पाहिले. ज्यांनी आयुष्यात लिंगाची चूक केली नव्हती, दुसऱ्याने केली तर ज्यांच्या कपाळाला दुखल्यासारखी आठी पडे, ते अण्णा स्वस्थ बसले होते. त्यांना काहीच खुपले नव्हते. मी म्हटले, "दिवा विझला, अण्णा." ते म्हणाले, "तेच म्हणालो मी."

त्यानंतर विभक्त्या गळू लागल्या. एखाद्या घराच्या खिडक्या-दारे एकेक करून काढून न्यावीत तसे त्यांच्या वाक्यांतून प्रत्यय जाऊ लागले. 'मला' जाऊन 'मी' उरला. "मी तहान," ते म्हणत. "मी खाज." ज्या चौथ्या विभक्तीच्या भिंतीवर त्यांचे सारे तत्त्वज्ञान उभे होते ती कोसळली होती, आणि तहान व ते यांच्यामध्ये आता काहीच राहिले नव्हते. त्यांच्या श्वासाला मुतारीसारखा उग्र दर्प येऊ लागला. कपाळावरचा घाम वाळला की त्वचेवर पांढरी, बारीक भुकटी उरे. आई ती ओल्या फडक्याने पुसे आणि ती पुन्हा येई. आमच्या भिंतींना येणारा लोणा आता अण्णांना आला होता. ते आईवर संशय घेत, की ती मुद्दाम भातात मीठ घालते. एकदा त्यांनी वाटी भिरकावली. मी एकेक साल निघताना पाहत होते आणि आत जो उरायचा होता त्याची वाट पाहत होते.

अशा एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावले. डोळे स्वच्छ होते. ते म्हणाले, "त्याला बोलाव. माझ्या चितेला अग्नी त्यानंच द्यायचा आहे. मी तेव्हा जे बोललो ते चुकीचं होतं."

त्या तीन वाक्यांत एकही चूक नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद, सारे आपापल्या जागी होते. षष्ठी होती, चतुर्थी होती. मला रडू आले ते त्या प्रत्ययांसाठी. आई दारातून ऐकत होती. ती तशीच मागे फिरली आणि देवाला दिवा लावायला गेली.

मग अण्णांनी माळ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ते मिठागरवाले वर बसलेत, त्यांना पण जेवायला वाढ."

मी त्याच दुपारी चेंबूरला गेले. दादा कारखान्यातून नुकताच आला होता. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि सगळीकडे कसल्या तरी रसायनाचा गोडसर वास. दादा वाळला होता. मला पाहताच त्याने विचारले, "कोण गेलं?"

"कुणी नाही अजून."

मी सारे सांगितले. तो खाटेच्या कडेवर बसून ऐकत होता. अण्णांची ती तीन वाक्ये मी जशीच्या तशी सांगितली, आणि हेही सांगितले की त्यांच्यात एकही चूक नव्हती.

"रक्ताची तपासणी कधी झाली?"

"त्याच्या आधीच."

"आणि हे म्हटल्यावर पुढे काय म्हणाले?"

अण्णांच्या बाबतीत आमच्या घरात कुणी कधी खोटे बोलले नव्हते. मी माळ्यावरच्या माणसांचे सांगितले.

दादाने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "अगं, इतकी वर्षं ते धडधाकट होते. शाळेत जात होते, श्लोक म्हणत होते. चेंबूरला यायला एक आणा लागला असता, नाहीतर एक पोस्टकार्ड. तेव्हा बोलावलं नाही. आता मूत्रपिंडं बंद पडल्यावर बोलावतायत. हे अण्णा बोलावतायत की रक्तातलं विष, ते मला कोण सांगणार? तू तत्त्वज्ञान शिकतेस ना? सांग."

"त्यांना नाव ऐकायचं असायचं रे. रोज मान कलती करून बसत."

"उचकीनं मान कलतेच."

तो उठला आणि सदरा बदलू लागला. "चल. भेटतो मी त्यांना. नाही म्हणत नाहीये मी."

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीत उभी होती. तिने त्याला जवळ घेतले नाही; आधी त्याच्याकडे नुसते पाहिले, मग त्याच्या मनगटाला धरून विचारले, "रोज आठवण काढत होतास ना रे त्यांची?"

मला वाटले, तो हो म्हणेल. हो म्हणण्यात त्याचे काहीच जात नव्हते. पण तो अण्णांचाच मुलगा होता.

"नाही गं आई," तो म्हणाला. "खरं सांगू? काढायची नाही असं ठरवूनच राहिलो होतो."

आई म्हणाली, "तुला कळत नसेल. आत कुणीतरी काढत असेल." आणि त्याला हात धरून आत घेऊन गेली.

अण्णा उशाला टेकून बसले होते. त्यांनी दादाकडे बराच वेळ पाहिले. आई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आला बरं का." अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, वाऱ्याने मिठागराचे पाणी हलावे तेवढेच. त्यांनी हात पुढे केला. दादाने तो घेतला. अण्णा त्याच्या बोटांवर आपला अंगठा फिरवीत राहिले, आणि मग अत्यंत अदबीने म्हणाले, "आपण कुठून आलात?"

दादा म्हणाला, "चेंबूरहून."

"लांब आहे," अण्णा म्हणाले.

तो हात त्यांनी सोडला नाही. झोप लागली तरी सोडला नाही. दादा संध्याकाळपर्यंत तसाच बसून होता आणि त्याच्या हाताला मुंग्या आल्या असाव्यात, पण त्याने हात काढून घेतला नाही. त्यानंतर अण्णा काही बोलले नाहीत. उचकी मात्र चालू होती. ती आता कुणाच्याही नावाशी थांबत नव्हती. ग्लानीतही, डोळे अर्धवट उघडे असतानाही, ती ठरलेल्या अंतराने येत होती, जणू त्या शरीरात तेवढे एकच घड्याळ चालू राहिले होते. आई नावे घेत होती. दादाचे नाव ती आता पहिले घेई, आणि दादा तिथेच, पलंगाच्या काठाशी बसलेला असे.

डॉक्टर आले तेव्हा दादाने त्यांना मोरीपाशी गाठले. "शेवटचं जे ते नीट बोलले, ते त्यांचं स्वतःचं होतं असं धरायचं का?"

डॉक्टर हात धूत होते. "या रोगात मधूनच अशी निवळ येते, डोकं साफ होतं. पण निवळीतलं बोलणं त्यांचंच, असं मी सांगू शकत नाही. नाही, असंही सांगू शकत नाही."

"म्हणजे तुम्हांलाही माहीत नाही."

"मला लघवीचं माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं तुमच्या घरचं."

अण्णा गेले ते भर दुपारी, मिठागरांवरून झळा येत असताना. एका उचकीनंतर दुसरी आली नाही, आणि आई, सवयीने, कुणाच्या नावाशी थांबली ते आठवू लागली.

ठाण्याचे काका आले. तिरडी उचलली, आणि पुरुष गेले. आम्ही दोघी मागे राहिलो. मी घर धुतले. अण्णांच्या उशाखाली, चादरीवर, सगळीकडे ती पांढरी भुकटी होती. पुरुष परत येतील तेव्हा द्यायला म्हणून मी पाण्याची बादली आणि कडुनिंबाची डहाळी घेऊन ओसरीवर उभी राहिले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे कपाळ पांढरे दिसत होते. रडण्याच्या पलीकडे एक निवांत बाजू असते, तिथे ती पोचल्यासारखी वाटली. निदान आता बाप-लेकात काही राहिले नाही, एवढ्या आधारावर ती बसली होती.

काका आधी आले. त्यांचे केस ओले होते आणि त्यांच्या खांद्यावर मडक्याच्या पाण्याची ओल होती. दादा फाटकाशीच थांबला. त्याच्या खांद्यावरचा सदरा कोरडा होता. आईने ते पाहिले.

"अग्नी कुणी दिला?"

काकांनी एकदा फाटकाकडे वळून पाहिले. "मी दिला, वहिनी."

आई उठली आणि ओसरीच्या कडेपर्यंत आली. दादा तिथूनच म्हणाला, "आई, त्यांनीच मला नको म्हटलं होतं."

"नंतर हो म्हटलं."

"नंतर ते आजारी होते. ज्या माणसानं मला नको म्हटलं तो शुद्धीत होता. तो माझा बाप होता. मी त्याचं ऐकलं."

"आजारी होते म्हणजे ते नव्हते का?"

दादाने फाटकाला हात टेकला.

"सांग ना," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखर विचारीत होती. "इतके दिवस मी ज्यांना पुसत होते, भरवत होते, ज्यांनी माझ्यावर वाटी फेकली, ते कोण होते मग? तुझा हात धरून बसले ते कोण होते?"

मी डहाळी पुढे केली. काकांनी पाने तोडून तोंडात टाकली. दादाने हात पुढे केला नाही. मला तेव्हा कळले की तो हट्टाने वागला नव्हता. अण्णांना अण्णा म्हणून मान देण्याची दुसरी कुठलीच रीत त्याला दिसली नव्हती. त्याच्या लेखी शुद्धीतला बाप खरा धरला तर शेवटचा हात विषाचा होता. आईच्या लेखी शेवटचा हात खरा धरला तर मुलाने तो झिडकारला होता. दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मीच तर ती तीन वाक्ये ऐकली होती, आणि तत्त्वज्ञान मी शिकत होते.

उत्तर दिले असते तर ते दोघांपैकी एकालाच देता आले असते, आणि दुसरे माणूस आपल्या जागेवरून पुन्हा कधी हलले नसते. मी बादलीतले पाणी काकांच्या पायांवर ओतले. दादा फाटकाबाहेर तसाच उभा होता, आणि आई त्याला आत ये म्हणत नव्हती.